एका एंजिनाचें चरित्र

ता. ३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर 'प्रीमियर पद्मिनी' जातीची काळीपिवळी टॅक्सी कायद्यानें धांवेनाशी झाली. या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कचेरींत ता. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती, आणि मुंबईंत टॅक्सीचें वय वीस वर्षांपेक्षां अधिक असतां कामा नये असा दंडक होता. त्यामुळें हा दिवस पंचांगांतल्या ग्रहणासारखा आधींपासूनच ठाऊक होता. वर्तमानपत्रांनीं मृत्युलेख लिहिले. त्यांत गाडीच्या रंगाची, मीटरची, मागच्या बांकाची आणि चित्रपटांत ती कोठें कोठें दिसली याची आठवण होती. ज्याच्या जोरावर ती चालली त्या एंजिनाविषयीं मात्र कोणी चार ओळी खर्ची घातल्याचें माझ्या पाहण्यांत आलें नाहीं. इतिहासाच्या अध्यापकाला याचें नवल वाटूं नये. बखरींत राजाच्या पालखीचें वर्णन पानभर असतें. भोयांचें नांवहि नसतें.

हें एंजिन १९३७ सालीं इटलींतील ट्यूरिन शहरीं जन्मास आलें. ज्या गाडींत तें बसविलें जाई, ती गाडी त्याच्या जन्मगांवीं १९६९ सालीं बंद झाली. मुंबईस, कुर्ल्याच्या कारखान्यांत, तें विसावें शतक संपेपर्यंत नव्या गाड्यांत बसविलें जात होतें. ज्या काळांत माणूस चंद्रावर जाऊन आला आणि गणकयंत्रें टेबलावर येऊन बसलीं, त्या साऱ्या काळांत एक लहानसें पेट्रोल-एंजिन आपल्या मूळ मापांत जवळजवळ कांहींहि फरक न करतां साठांवर वर्षें जगलें. या दीर्घायुष्याचें श्रेय कोणाला द्यावयाचें, हा प्रश्न मला बरीच वर्षें सतावीत आला आहे. त्याचीं दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक जिव्हाळ्याचें: जुनें लोखंड अस्सल होतें, आतांसारखें पत्र्याचें काम नव्हतें. दुसरें अर्थशास्त्र्यांचें: ग्राहकाला दुसरी गाडी मिळतच नव्हती, मग हिला मरण कसें यावें? मला दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात. परंतु दुसरें पहिल्याहून कमी अपुरें आहे, हें आरंभींच सांगून टाकतों.

ट्यूरिनच्या फियाट कंपनीची स्थापना १८९९ सालची. १९३२ सालीं तिनें 'बालिल्ला' नांवाची लहान गाडी काढली होती. तिच्या एंजिनाचें घनफळ ९९५ घनसेंटिमीटर व शक्ति अवघी वीस अश्वशक्तींची. झडपा सिलिंडरच्या कुशीला बसविलेल्या. त्या काळच्या स्वस्त गाड्यांची तीच रीत होती. पुढें १९३५ सालीं मुसोलिनीनें अबिसीनियावर स्वारी केली, राष्ट्रसंघानें इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, आणि ज्या देशाच्या भूमींत तेलाचा ठणठणाट त्या देशांत पेट्रोलचा थेंबन् थेंब मोजण्याची वेळ आली. थोड्या पेट्रोलांत अधिक काम ही त्या वेळीं केवळ कारखानदाराची हौस नव्हती. अशा दिवसांत दान्ते जाकोसा या तरुण एंजिनीयराच्या हातीं बालिल्लाचें नवें रूप घडविण्याचें काम आलें. जाकोसाचा जन्म १९०५ चा. म्हणजे नवी गाडी बाहेर पडली तेव्हां तो बत्तीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षीं 'टोपोलिनो', म्हणजे उंदीरमामा, या लाडक्या नांवानें प्रसिद्ध झालेली इवलीशी गाडी त्यानें घडविली होती.

नव्या गाडीचें कारखान्यांतलें नांव ५०८ सी. तिच्या एंजिनाचे चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला पिस्टन म्हणतात त्याची, धांव ७५ मिलिमीटर. वाचकांपैकीं कोणास शाळेंतली भूमिति आठवत असेल तर त्यानें हिशेब करून पाहावा: एका सिलिंडरचें घनफळ सुमारें २७२ घनसेंटिमीटर, चारांचें मिळून १०८९. हा १०८९ चा आंकडा पुढें हिंदुस्थानांतील हजारों नोंदणीपुस्तकांत उतरला आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडीं तो नुसता 'अकराशें' होऊन राहिला. झडपा आतां कुशींतून निघून सिलिंडरच्या डोक्यावर आल्या, त्यामुळें वायूला आंत येण्याची व धूर बाहेर जाण्याची वाट सरळ झाली. सिलिंडरांचा ठोकळा बिडाचा, पण वरचें डोकें अल्युमिनियमचें ठेवलें. शक्ति मिनिटाला चार हजार फेऱ्यांस ३२ अश्वशक्ति. बालिल्लाच्या मानानें घनफळ जेमतेम दहावा हिस्सा वाढलें आणि शक्ति दीडपटीहून अधिक झाली. जाकोसाची खरी करामत ती हीच.

त्या करामतींत एक काटकसर मात्र दडलेली आहे. चार दट्ट्यांची ये-जा फिरत्या गतींत बदलणारा जो वांकडा दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो या एंजिनांत तीनच आधारांवर फिरतो: दोन टोकांस दोन आणि मध्यें एक. दर दोन आधारांमध्यें दोन सिलिंडरांचे धक्के त्यास सोसावे लागतात. पुढच्या पिढीच्या एंजिनांनीं पांच आधार घेतले, तेव्हां प्रत्येक धक्क्याच्या दोहों बाजूंस टेकू मिळाला. तीन आधारांचें एंजिन लहान होतें, हलकें होतें, स्वस्त पडतें. पण फार वेगानें पिटाळल्यास त्याचा दांडा धनुष्यासारखा लवूं पाहतो. चार हजार फेऱ्यांस या एंजिनाच्या दट्ट्याची सरासरी गति सेकंदाला दहा मीटर भरते. ही चाल कांहीं जिवावर उठणारी नव्हे. एका लिटर घनफळामागें जेमतेम तीस अश्वशक्ति मागणारा धनी असेल तर चाकर दीर्घायुषी होण्यास हरकत नसते. या एंजिनाच्या टिकाऊपणाचें पहिलें कारण मला असें दिसतें कीं, त्याच्याकडून फार कांहीं मागितलेंच गेलें नव्हतें.

अर्थात् मागणारे भेटले तेव्हां त्यानें दिलें नाहीं असें नाहीं. महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, चिसितालिया नांवाच्या छोट्या कंपनीनें याच फियाट एंजिनाच्या सुमारें दुप्पट शक्तीच्या आवृत्तीवर शर्यतीची गाडी बांधली. ट्यूरिनच्या शर्यतींत ती गाडी हांकतांना प्रख्यात शर्यतपटु ताझियो नुवोलारी याच्या हातांतलें सुकाणूचक्रच निखळून आलें. त्यानें तें एका हातांत उंचावून आपल्या मंडळीस दाखविलें आणि उरलेल्या नुसत्या दांड्यावर गाडी वळवीत तो पुढें गेला, ही कथा मोटारींच्या इतिहासांत अजरामर झाली आहे. आमच्या दृष्टीनें तींतला लक्षांत घेण्याजोगा भाग हा कीं, त्या प्रसंगीं चक्र गळालें, एंजिन गळालें नाहीं. फ्रान्समध्यें सिम्का कंपनीनें आपल्या नांवाखालीं याच एंजिनाची गाडी काढली. १९५३ सालीं ट्यूरिननें गाडीची सबंध काया बदलली. वेगळी चौकट जाऊन अंग व चौकट एकजीव झालीं. एंजिनाची शक्ति ३६ वर गेली. काया नवी, हृदय तेंच. १९६२ सालीं मात्र घनफळ वाढवून १२२१ केलें, आणि चारच वर्षांनीं, १९६६ मध्यें, पुन्हां जुन्या १०८९ वर उतरलें. १९६९ सालीं त्याच जाकोसाच्या देखरेखीखालीं आखलेली फियाट १२८ आली. तिचें एंजिन आडवें बसविलेलें, क्रँकला पांच आधार, पुढचीं चाकें ओढणारीं. स्वतःच्या जुन्या कृतीला निरोप देण्याचें भाग्य थोड्या कारागिरांना लाभतें. जाकोसाला तें लाभलें.

आतां मुंबईकडे वळूं. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांना हिंदी माणसाची आगबोट, हिंदी माणसाचें विमान आणि हिंदी माणसाची मोटार या तीन गोष्टींचें वेड होतें. सिंदिया कंपनीच्या रूपानें आगबोट १९१९ मध्यें आली. बंगलोरचा विमानांचा कारखाना १९४० मध्यें आला. मोटारीला सर्वांत उशीर लागला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं १९३० नंतरच्या दशकांत मुंबईस मोटारींचा कारखाना काढण्याची योजना आखली होती व वालचंदांनीं ती उचलून धरली होती. परंतु महायुद्धाच्या काळांत तत्कालीन सरकारनें तिला हात दिला नाहीं. अखेर १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्यें, ज्या वर्षीं देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीं, कुर्ल्याहून पहिली मोटार बाहेर पडली. ती क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या घराण्यांतली भली थोरली गाडी होती. इतकी मोठी गाडी आपल्या खिशास व रस्त्यांस झेपणारी नव्हे हें लौकरच कळून आलें, आणि कंपनीनें ट्यूरिनशीं सोयरीक जमविली. आधीं आली ती छोटी टोपोलिनो. १९५४ मध्यें अकराशेंची गाडी आली. वालचंद त्याच्या आदल्या वर्षींच निवर्तले होते. ज्या गाडीनें त्यांच्या कंपनीचें नांव घरोघर नेलें ती त्यांनीं मुंबईच्या रस्त्यावर पाहिलीच नाहीं.

याच सुमारास दिल्लींत एक निर्णय झाला. त्याचे परिणाम तीस वर्षें पुरले. परदेशांतून सुटे भाग आणून येथें नुसते जोडणाऱ्या कंपन्यांना यापुढें स्थान नाहीं. ज्यांच्यापाशीं टप्प्याटप्प्यानें सर्व भाग येथेंच तयार करण्याची योजना असेल त्यांनींच राहावें, असें जकात आयोगाच्या शिफारशीवरून १९५३ मध्यें ठरलें. शिवडीस १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आपला पसारा आवरून निघून गेली, फोर्डहि गेली. धोरण चुकीचें होतें असें मी म्हणणार नाहीं. आपल्या देशांत क्रँक ओतणारे, कापणारे व घांसणारे हात तयार व्हावयाचे तर कोठें तरी अशी सक्ति करावीच लागते. पुण्याचिंचवडच्या अनेक लहान कारखान्यांना पुढें जें बळ आलें त्याचें मूळ या सक्तींतच सांपडतें. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. दार लावून घेतलें, आणि आंत स्पर्धा मात्र ठेवली नाहीं. कोणती कंपनी वर्षाला किती गाड्या करील हें परवाना सांगणार. नवें यंत्र परदेशांतून आणावयाचें तर पुन्हां परवाना. १९६९ मध्यें सरकारनें गाड्यांच्या किंमतीहि ठरवून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ग्राहकापुढें उरल्या तीन गाड्या: कलकत्त्याकडची ॲम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, आणि मुंबईची फियाट. पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहणें हा मध्यमवर्गीय घरांतला एक संस्कारच होऊन बसला. गाडीची नोंदणी मुलाच्या मुंजींत करावी आणि गाडी त्याच्या लग्नांत यावी, ही त्या काळची थट्टा अगदींच निराधार नव्हती.

अशा स्थितींत नवें एंजिन कोणी कशाला करावें? १९६४ मध्यें कुर्ल्यानें ट्यूरिनच्या १९६२ सालच्या गाडीची काया घेतली, पण तिच्यांतलें १२२१ चें एंजिन घेतलें नाहीं. जुन्या १०८९ चें सामान, सांचे व यंत्रें हातांत होतीं तींच चालविलीं. शक्ति एव्हांना चाळीस अश्वशक्तींच्या आसपास आली होती. १९७२ मध्यें गाडीचें नांव 'प्रेसिडेंट' झालें आणि १९७४ मध्यें चितोडच्या राणीच्या नांवावरून 'पद्मिनी'. नांवें बदलण्यास परवाना लागत नसावा.

येथवर अर्थशास्त्र्यांचें म्हणणें बरोबर आहे. पण या एंजिनाजवळ जे बसले, झोंपले आणि ज्यांनीं त्याच्या पोटांत हात घातले, त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय हें चरित्र पुरें होत नाहीं.

पद्मिनी बाळगणें म्हणजे घरांत एक प्रकृतीचें माणूस बाळगणें होतें. थंडीच्या सकाळीं चोक ओढावयाचा, पण बेताचा. जास्त ओढला तर प्लग भिजून एंजिन रुसे. रेडिएटरमधलें पाणी व एंजिनांतलें तेल रोज पाहावयाचें. पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबून तो ढिला नाहीं ना हें पाहावयाचें. ठिणगी पाडण्याचें काम दोन लहानशा धातूच्या टिकल्यांकडे असे. त्यांना सगळे 'पॉइंट' म्हणत. चार सिलिंडरांच्या एंजिनांत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्या होत असतां त्या टिकल्यांनीं सेकंदाला शंभर वेळां उघडावें व मिटावें लागतें. त्या झिजणारच, त्यांवर काजळी धरणारच. कांचकागदानें त्या घांसून त्यांच्यामधलें अंतर पुन्हां जुळविणें हें काम पुष्कळ गृहस्थ रविवारीं सकाळीं स्वतः करीत. झडपांचे टॅपेट मात्र मिस्त्रीच्याच कानानें जुळत. झडपेची दांडी तापली कीं लांबते, म्हणून थंडपणीं तिच्या डोक्यावर कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावी लागते. फट वाढली तर एंजिन टकटक वाजतें, फार कमी झाली तर झडप पुरती मिटत नाहीं व जळते. शहाणा मिस्त्री म्हणे, वाजणारें टॅपेट बरें, मुकें वाईट. या एका वाक्यांत यंत्रशास्त्राचें एक अख्खें प्रकरण आहे.

उन्हाळ्यांत निराळीच पंचाईत. पेट्रोल ओढणारा पंप एंजिनाच्याच अंगाला बसविलेला. एंजिन तापलें कीं नळींतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंप नुसती वाफ ढकलूं लागे. मे महिन्यांत रहदारींत अडकलेली गाडी अशी एकाएकीं मान टाकी. उपाय साऱ्या हिंदुस्थानास ठाऊक होता: बोनेट उघडून पंपावर ओलें फडकें घालावयाचें आणि दहा मिनिटें सांवलींत उभें राहावयाचें. पेट्रोलांतल्या उष्णतेपैकीं जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामीं येतो, बाकीची पाण्यांतून व धुरांतून बाहेर टाकावी लागते, हें पुस्तकांत वाचून जितकें कळत नाहीं तितकें बोरघाटांत कळे. द्रुतगति मार्ग होण्यापूर्वींच्या काळांत खोपोलीहून खंडाळ्यास चढतांना रस्त्याच्या कडेस बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग आणि रेडिएटरवर चिंध्या धरून झांकण सैल करणारे चालक हें ठरलेलें दृश्य होतें. घाईनें झांकण काढल्यामुळें हात भाजून घेतलेले लोकहि कांहीं थोडे नव्हते. पुणेंकर मंडळी घाटापूर्वीं थांबून चहा घेत तो केवळ चहासाठीं नव्हे.

अल्युमिनियमचें डोकें आणि बिडाचा ठोकळा हा संसारहि कटकटीचाच. अल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीनें फुगतें. गाडी वारंवार फार तापली तर डोकें किंचित् वांकतें, मधलें गॅस्केट जळतें, पाणी सिलिंडरांत व तेलांत शिरतें. मग डोकें उतरवून घांसावें लागे. पण उतरविणें, घांसणें व पुन्हां चढविणें हें सर्व रस्त्याच्या कडेच्या दुकानांत, चारदोन पान्यांनीं आणि एका सपाट कांचेनें होऊं शके. हजारों मैल गाडी चालली कीं सिलिंडर झिजून अंडाकृति होत, तेल जळूं लागे व मागून निळसर धूर निघे. तेव्हां एंजिन खोलून सिलिंडर थोडे मोठे कोरून घेत व त्या मापाचे दट्टे बसवीत. पुन्हां झिजले कीं पुन्हां कोरणें. समजा, अशा रीतीनें व्यास ६८ चा ६९ मिलिमीटर झाला, तर घनफळ १०८९ चें ११२२ घनसेंटिमीटर होतें. नोंदणीपुस्तकांत मात्र जुनाच आंकडा राही. सरकारी कागद यंत्राइतका झिजत नाहीं. ठोकळा फारच पातळ झाला तर आंत नवें नळकांडें ठोकून पुन्हां मूळ मापावर आणतां येई. क्रँक झिजला तर घांसावा, बेअरिंगें जाड घालावीं. अशीं तीन तीन, चार चार आयुष्यें हें एंजिन जगे. ऑपेरा हाउसच्या बाजूच्या सुट्या भागांच्या दुकानांत अस्सल, नकली आणि उतरविलेला असे तिन्ही प्रकारचे भाग मिळत, आणि टॅक्सीवाला आपल्या त्या दिवसाच्या कमाईप्रमाणें त्यांतून निवड करी.

'भरवशाचें यंत्र' या शब्दांचा अर्थ येथें तपासून घेतला पाहिजे. जें बंद पडत नाहीं तें भरवशाचें, हा एक अर्थ. आणि जें बंद पडलें तरी कोठेंहि, कोणाकडूनहि, संध्याकाळपर्यंत चालूं होतें तें भरवशाचें, हा दुसरा. पद्मिनीचें एंजिन पहिल्या अर्थानें भरवशाचें नव्हतें. तें दुसऱ्या अर्थानें होतें. आणि तो दुसरा भरवसा एंजिनाच्या लोखंडांत नव्हता, तो सावंतवाडीपासून चांद्यापर्यंत पसरलेल्या, शाळेंत फारसे न गेलेल्या मिस्त्र्यांच्या हातांत होता. ट्यूरिनच्या आराखड्यांत हे हात कोठेंहि दाखविलेले नाहींत. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली. तिच्या ७९६ घनसेंटिमीटरांच्या तीन सिलिंडरांतून जवळजवळ तितकीच शक्ति निघे, ती गाडी कितीतरी हलकी होती, आणि महिनोन् महिने तिचें बोनेट उघडण्याचें कारण पडत नसे. तेव्हां पुष्कळ जुने मिस्त्री तिला नांवें ठेवीत: हिच्यांत हात घालायला जागा नाहीं, ही बिघडली तर हिला कोण बघणार? त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. पण उत्तर असें निघालें कीं ती फारशी बिघडतच नव्हती. ग्राहकांनीं कौल द्यावयास वेळ लावला नाहीं.

म्हणूनच जुन्या गाडीच्या आठवणींनीं सद्गदित होणाऱ्या लेखकांशीं माझें जमत नाहीं. रविवारीं सकाळीं हौसेनें पॉइंट घांसणारा प्राध्यापक निराळा आणि भाड्याच्या टॅक्सीवर पोट भरणारा निराळा. मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यावयाची आणि उरेल तें घरीं न्यावयाचें, अशा माणसाची गाडी दुपारीं दादरच्या पुलावर तापून उभी राहिली तर तो एक तास त्याच्या मुलाबाळांच्या ताटांतून जाई. मिस्त्र्याचें कौशल्य अस्सल होतें, पण त्याची मजुरी अखेर याच माणसाच्या खिशांतून निघे. जें काम ट्यूरिनमध्यें १९६९ सालीं आराखडा बदलून संपविलें, तें आपण आणखी तीस वर्षें माणसांच्या घामानें भरून काढीत राहिलों. त्या घामांतून जें शिक्षण झालें तें खरेंच मोलाचें. परंतु कोणी तें स्वखुषीनें पत्करलें नव्हतें.

अखेरच्या काळांत या एंजिनावर दोन नवे प्रयोग झाले. पहिला शिशाचा. जुन्या पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळलेलें असे. तें पेट्रोलचा धडाका आवरी आणि झडपांच्या बैठकीवर मऊ थर धरून त्यांची झीज थोपवी. माणसाच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूला तें विष आहे हें निर्विवाद ठरल्यावर २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशांत शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. फार उशिरां कां होईना, योग्य झालें. पण जुन्या झडपांचें कवच गेलें. दुसरा प्रयोग नैसर्गिक वायूचा. मुंबईची हवा सुधारावी म्हणून न्यायालयाच्या आदेशानें टॅक्सींना दाबलेल्या वायूवर चालणें भाग पडलें, आणि १९३७ च्या आराखड्याचें हें एंजिन कार्ब्युरेटरवर एक लहानसें मिश्रक बसवून वायूवरहि चालूं लागलें. सामानाच्या जागेंत टांकी आली, प्रवाशांच्या ट्रंका टपावर गेल्या. वायू उत्तम जळतो खरा, पण त्याचा पुरा लाभ घ्यावयास सिलिंडरांतला दाब जास्त लागतो, आणि हें एंजिन तर हलक्या पेट्रोलसाठीं कमी दाबाचें केलेलें. त्यामुळें शक्ति आणखी उतरली. कोरड्या वायूनें झडपांच्या बैठकी लौकर खाल्ल्या जाऊं लागल्या. तरी भाडें परवडे, कारण वायू स्वस्त होता. पेडर रोडची चढण चढतांना दुसऱ्या गिअरवर कण्हणारी टॅक्सी ज्यांनीं ऐकली आहे त्यांना याहून अधिक वर्णन नको.

कुर्ल्याचा कारखाना २००० च्या सुमारास थांबला. त्यानंतरहि रस्त्यावर हजारों गाड्या होत्या. टॅक्सीच्या वयाची मर्यादा आधीं पंचवीस वर्षांवर आणि २०१३ मध्यें वीस वर्षांवर आली, तेव्हां त्या झपाट्यानें उतरल्या. मोडीत निघालेल्या पुष्कळशा गाड्या त्याच कुर्ल्याच्या भंगारबाजारांत गेल्या. जेथें जन्म तेथेंच भट्टी. अल्युमिनियमचीं डोकीं वेगळीं काढून त्यांचा भाव वेगळा करीत, बिडाचे ठोकळे वजनावर जात. ज्यांचा व्यास अजून कोरण्याजोगा होता असे कांहीं ठोकळे हौशी संग्राहकांनीं उचलून नेले. त्यांच्या गाड्या खासगी नोंदणीच्या असल्यामुळें टॅक्सीचा दंडक त्यांना लागत नाहीं, आणि दट्टे, बेअरिंगें व गॅस्केटें त्यांच्यासाठीं जुन्या दुकानांच्या माळ्यांवरून शोधून काढावीं लागतात.